‘द बुक कलेक्टर’ : लंडनचे त्रैमासिक, फोंड्याचे कपाट

पाच वर्षांपूर्वी मडगावातील एका जुन्या घराचा ग्रंथसंग्रह विक्रीला निघाल्याचे कळले आणि मराठी पुस्तकांच्या आशेने मी फोंड्याहून तिथे गेलो. वारसांपैकी कोणीच गोव्यात राहत नव्हते, घराचा व्यवहार ठरला होता आणि महिनाअखेरीपर्यंत पुस्तके हलवायची होती. कपाटांत बहुतेक पोर्तुगीज कायद्याचे आणि वैद्यकाचे ग्रंथ होते, त्यांतले अर्धेअधिक वाळवीने पोखरलेले. मराठी पुस्तक एकही नव्हते. निघता निघता जिन्याखालच्या लाकडी खोक्यात ‘द बुक कलेक्टर’ या इंग्रजी त्रैमासिकाचे एकेचाळीस अंक सुतळीने बांधून ठेवलेले दिसले. सर्वांत जुना १९५४ चा, सर्वांत नवा १९७१ चा. हे नाव मी कधी ऐकले नव्हते. परंतु वरचाच अंक उघडला तेव्हा एका पुस्तकाच्या बांधणीचे पानभर छायाचित्र आणि त्या एकाच बांधणीबद्दल अतिशय बारकाईने लिहिलेला मजकूर समोर आला, आणि मी ते खोके उचलले. जुने पुस्तक हातात घेतल्यावर त्यात काय पाहायचे, हे मला या अंकांनी शिकवले. म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. ते त्या एकेचाळीस अंकांचे आहे आणि त्यानंतर गेली तीन वर्षे मी भरत आलेल्या वर्गणीचेही आहे.

हे त्रैमासिक १९५२ पासून लंडनहून निघते आणि त्याचे अंक ऋतूंच्या नावाने ओळखले जातात. पुस्तकातील मजकूर चांगला की वाईट, याची चर्चा त्यात जवळजवळ नसते. त्याचा विषय आहे पुस्तक ही वस्तू : ती कोणी छापली, कोणत्या कागदावर, किती फर्म्यांत (म्हणजे घडी घालून एकत्र शिवलेल्या पानांच्या जुड्यांत), कोणी बांधली, कोणाकोणाच्या हातून गेली, आणि आज समोर असलेली प्रत मूळ स्थितीत आहे की मधल्या काळात कोणी तिच्यात काही घातले किंवा काढले. आपल्याकडे पुस्तकावर प्रेम करणे म्हणजे ते वाचणे असा समज पक्का आहे आणि तो चुकीचाही नाही. पण वाचून झालेले पुस्तक शंभर वर्षांनी पुराव्याची वस्तू होते, आणि तो पुरावा कसा वाचायचा याचे शिक्षण मराठी वाचकाला सहसा कुठे मिळत नाही.

या त्रैमासिकाची जन्मकथा अनेकांना चकित करील. ते काढणारे इयन फ्लेमिंग म्हणजे जेम्स बाँड या गुप्तहेराचे जनकच. १९५२ च्या आरंभी जमैकात त्यांनी बाँडची पहिली कादंबरी लिहिली आणि त्याच वर्षी लंडनमध्ये हे त्रैमासिक सुरू केले. त्या वेळी ते लॉर्ड केम्स्ली यांच्या वृत्तपत्रसमूहात परदेशी बातम्यांच्या विभागाचे प्रमुख होते, आणि क्वीन ॲन प्रेस ही समूहाची छोटी प्रकाशनसंस्था त्यांच्या देखरेखीखाली होती. युद्धानंतर निघू लागलेले ‘बुक हँडबुक’ हे संग्राहकांसाठीचे लहानसे नियतकालिक त्यांनी या नव्या त्रैमासिकात सामावून घेतले. फ्लेमिंग यांचा त्यामागचा हेतू हौशी श्रीमंताचा नव्हता. १९३० च्या दशकातच पर्सी म्युअर या जाणत्या ग्रंथविक्रेत्याला त्यांनी एक काम सोपवले होते : १८०० नंतर ज्या पुस्तकांनी माणसाच्या जगण्यात किंवा विचारात काहीतरी नवे सुरू केले, त्यांच्या पहिल्या आवृत्त्या शोधून आणायच्या. त्या काळी संग्राहक कविता-कादंबऱ्यांच्या सुंदर प्रतींमागे धावत. विज्ञानाचे, वैद्यकाचे, राजकारणाचे साधे, कागदी वेष्टनातले मूळ निबंध कोणाला नको असत आणि ते स्वस्तात मिळत. फ्लेमिंग यांच्या कपाटात डार्विन आला, साम्यवादी जाहीरनाम्याची पहिली आवृत्ती आली, शोधांची आणि उपचारांची पहिली निवेदने आली. प्रत्येक पुस्तकासाठी काळ्या कापडाची स्वतंत्र पेटी करून घेतलेली असे.

हा संग्रह किती दूरदृष्टीचा होता हे १९६३ मध्ये दिसले. त्या वर्षी लंडनमध्ये मुद्रणकलेचा मानवी विचारावर झालेला परिणाम दाखवणारे मोठे प्रदर्शन भरले आणि त्यात एकट्या फ्लेमिंग यांच्याकडची ४४ पुस्तके मांडली गेली. पुढच्याच वर्षी, १२ ऑगस्ट १९६४ रोजी, त्यांचे निधन झाले. १९७० मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या लिली ग्रंथालयाने तो संग्रह विकत घेतला आणि आज तो तिथे एकसंध आहे. इतरांना जे नको आहे त्यातच उद्याचे मोल असते, हे ओळखणाऱ्या माणसाने हे त्रैमासिक काढले. त्यामुळे किमतींचा आणि दुर्मीळतेचा गाजावाजा त्याच्या पानांत पहिल्यापासून कमी राहिला असावा, असे मला वाटते.

फ्लेमिंग यांचे नाव मोठे असले तरी त्रैमासिकाला घडवले ते जॉन हेवर्ड यांनी. त्यांच्याबद्दल वाचल्यापासून त्यांच्याविषयी माझ्या मनात आदराबरोबर एक प्रकारचा जिव्हाळाही आहे. तरुणपणापासून स्नायूंच्या असाध्य विकाराने ते चाकांच्या खुर्चीला खिळले होते. लंडनच्या चेल्सी भागात टेम्स नदीकाठच्या त्यांच्या घरात १९४६ पासून १९५७ पर्यंत कवी टी. एस. एलियट राहत होते, आणि एलियट यांच्या उत्तरकाळातील दीर्घकवितांचे मसुदे हेवर्ड यांच्या नजरेखालून गेले होते. मित्राच्या कवितेतील एकेका शब्दावर न संकोचता बोट ठेवणारा हा माणूस संपादक झाला तेव्हा त्याने लेखकांनाही तीच शिस्त लावली. १९४७ मध्ये इंग्रजी कवितेच्या पहिल्या आवृत्त्यांचे एक प्रदर्शन त्यांनी लंडनमध्ये मांडले होते, त्यामुळे प्रतीचे वर्णन कसे लिहावे याचा त्यांचा हात आधीच बसलेला होता. माझ्याकडच्या त्यांच्या काळातील अंकांत सैल वाक्य शोधून सापडत नाही. एखाद्या पुस्तकाचे दोन कोरे कागद हरवले असतील, तर ते कोणत्या जागी असायला हवे होते हे सांगितल्याशिवाय लेखक पुढे जात नाही. स्वतः उठून कपाटापर्यंत जाऊ न शकणाऱ्या माणसाने हजारो पुस्तकांच्या अंगप्रत्यंगाची नोंद इतक्या काटेकोरपणे करून घेतली, हे मला दर वेळी नव्याने जाणवते. १९६५ मध्ये ते वारले.

त्यानंतर निकोलस बार्कर यांनी जवळजवळ अर्धशतक हे त्रैमासिक चालवले. ते प्रकाशन व्यवसायातले होते आणि पुढे ब्रिटिश लायब्ररीत जतनविभागाचे प्रमुख झाले. त्यांच्यानंतर संपादकपद इयन फ्लेमिंग यांचे पुतणे जेम्स फ्लेमिंग यांच्याकडे आले. सत्तर वर्षांहून अधिक काळात संपादकांची नावे एका हाताच्या बोटांवर मोजता येतात, आणि हे सातत्य अंकांच्या एकजीव स्वरात ऐकू येते.

आता अंकात काय मिळते ते सांगतो. मला सर्वांत प्रिय आहेत त्या दीर्घकाळ चाललेल्या लेखमाला. एका मालेत हॉवर्ड निक्सन हे ब्रिटिश म्युझियममधील जाणकार दर अंकात एकच बांधणी घेत. एका बाजूला तिचे छायाचित्र आणि सोबत तिची हकीकत. चामड्यावर उठवलेला एखादा लहानसा ठसा, त्याची झिजलेली एक पाकळी, आणि तोच झिजलेला ठसा दुसऱ्या एखाद्या पुस्तकावर सापडल्यामुळे दोन्ही पुस्तके एकाच कारागिराच्या हातची ठरणे, असा शोध त्या एक-दोन पानांत मावलेला असतो. दुसरी माला समकालीन संग्राहकांवरची, तिसरी अपरिचित ग्रंथालयांवरची. चौथ्या मालेचे नाव मराठीत सांगायचे तर ‘कोणी न जमवलेले काही लेखक’. ज्याच्या पहिल्या आवृत्त्यांकडे बाजाराचे लक्ष नाही असा एक लेखक घ्यायचा, थोडक्यात त्याची ओळख द्यायची आणि त्याच्या प्रत्येक पुस्तकाचे आकार, पाने, बांधणी, रंग यांसह वर्णन करून पुढच्या संग्राहकासाठी वाट आखून ठेवायची, अशी तिची रचना. याशिवाय वाचकांच्या शंका आणि त्यांची उत्तरे, लिलावांच्या वार्ता, ग्रंथविक्रेत्यांच्या सूचींची दखल आणि मृत्युलेख असतात. लिलावांच्या वार्ता मी चाळून पुढे जातो. मृत्युलेख मात्र सावकाश वाचावेत असे असतात, कारण पुस्तके जमवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने नेमके काय मिळवले हे त्यांत हिशेबाने सांगितलेले असते.

बांधणीच्या त्या मालेमुळे मला माझे एक जुने नुकसान उशिरा कळले. पंधरा वर्षांपूर्वी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे एक मराठी मासिक, वर्षभराचे बारा अंक, मी एका बांधणीवाल्याकडे दिले होते. आठवड्याने सुबक, लाल कापडी पाठीचा, सोनेरी अक्षरांचा ग्रंथ हातात आला. “सर, वरची रंगीत पानं पार जीर्ण झाली होती, ती काढून टाकली, आणि कडा काळ्या पडल्या होत्या त्या मशीनवर साफ कापून दिल्या,” असे त्याने अभिमानाने सांगितले आणि मीही त्याचे कौतुक करून पैसे दिले. त्या रंगीत पानांवर मासिकाची वर्गणी, छापखान्याचा पत्ता, औषधांच्या आणि पुस्तकांच्या जाहिराती, पुढच्या अंकाची सूचना असे सगळे होते. कापलेल्या कडांबरोबर कोण्या जुन्या वाचकाने समासात शाईने लिहिलेल्या टिपांची अर्धी अक्षरेही गेली. आता उरलेल्या अक्षरांवरून ती टीप काय असावी याचा मी अंदाज करत बसतो. बांधणीवाल्याचा त्यात दोष नाही. त्याला काय राखायचे हे मी सांगायला हवे होते आणि ते मलाच ठाऊक नव्हते. हा एक धडा वेळेवर मिळाला असता तर माझी कितीतरी वर्षांची वर्गणी त्यात वसूल झाली असती.

या त्रैमासिकाच्या मागे उभी असलेली परंपरा समजून घ्यायची तर १९३४ सालच्या एका प्रकरणाकडे जावे लागते. टॉमस जेम्स वाइज हे त्या काळचे इंग्लंडमधील सर्वांत मान्यवर संग्राहक आणि सूचीकार. नामवंत कवींच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या अनेक पातळ पुस्तिका, ज्यांवर १८४० च्या दशकापासूनची साले छापलेली होती, वाइज यांच्या सूचींमुळे मौल्यवान पहिल्या आवृत्त्या म्हणून बाजारात स्थिरावल्या होत्या. जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोन तरुण ग्रंथविक्रेत्यांनी त्या पुस्तिकांचा कागद सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतला. काहींच्या कागदात एस्पार्टो गवताचे तंतू निघाले, जे इंग्लंडमधील कागदात १८६१ नंतरच येऊ लागले होते. काहींत रासायनिक प्रक्रियेने केलेला लाकडाचा लगदा निघाला, जो १८७४ च्या आधी तिथे वापरातच नव्हता. खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या, आकारांनीही तीच साक्ष दिली. छापलेले साल खोटे होते, कागद खरे बोलत होता. कार्टर यांनी पुढे १९५२ मध्येच, म्हणजे त्रैमासिकाच्या जन्मवर्षी, संग्राहकांसाठी परिभाषेचा छोटा कोश प्रसिद्ध केला, आणि त्रैमासिकातही ते लिहीत राहिले. नाव आणि कीर्ती यांवर विश्वास न ठेवता हातातील वस्तूला प्रश्न विचारायचा, हा त्या पिढीचा संस्कार प्रत्येक अंकात उतरलेला आहे.

हा संस्कार आपल्या पुस्तकांना लागू पडतो का, याची परीक्षा मी एका पोथीवर घेतली. ती माझ्या आजोळच्या देव्हाऱ्यातली, शके १७९४ ची, म्हणजे १८७२ ची, मुंबईत शिळाछापावर, म्हणजे दगडावरून, छापलेली. लाल कापडात बांधलेली, सुटी, आडवी पाने. अशा पोथ्यांत हस्तलिखितांचीच रीत पाळलेली असते : पानाच्या मागच्या बाजूला, डाव्या समासात वर ग्रंथनामाची संक्षिप्त हुंडी आणि पानाचा आकडा. मी वर्षानुवर्षे आकडे सलग आहेत एवढेच पाहून पोथी पूर्ण असल्याचे समजत होतो. जुलै महिन्यातील एका दुपारी, पाऊस थांबून ऊन पडल्यावर, एकेक पान खिडकीच्या काचेवर धरून पाहत गेलो. शेहेचाळिसाव्या पानापर्यंत कागदात बारीक समांतर रेषांची जाळी दिसत होती. सत्तेचाळिसाव्या पानात ती जाळी नव्हती. कागद सपाट, किंचित पिवळसर आणि बोटांना अधिक मऊ लागत होता. मग अक्षर पाहिले. आधीच्या पानांतील ‘ल’ची दोन्ही वळणे गोल, भरीव, या पानातील ‘ल’ उभट, आणि ‘श’ची गाठ डाव्या बाजूला सुटलेली. चौकटीची दुहेरी रेघही इथे एकेरी झाली होती. हे पान दुसऱ्या कोणत्या तरी छपाईतून आणून बसवलेले होते. घरातल्या कोणा पूर्वजाने फाटलेल्या पानाच्या जागी दुसऱ्या जीर्ण पोथीतले पान आणून पारायणासाठी ती पुरी केली असणार. पोथी त्यामुळे कमी मोलाची झाली असे मला मुळीच वाटले नाही. उलट ती वापरात असल्याची, कोणाला तरी ती तुटकी चालत नसल्याची खूण सापडली. पण एकोणीसशे साठच्या सुमारास लंडनमध्ये छापलेल्या एका लेखातील पद्धत हाती नसती, तर ते पान माझ्या नजरेखालून आणखी तीस वर्षे तसेच गेले असते.

गोव्यात बसून हे त्रैमासिक वाचताना एक खंत सतत सोबत असते. भारतातले पहिले मुद्रणयंत्र १५५६ मध्ये इथे, जुन्या गोव्यात उतरले. सेंट पॉल महाविद्यालयात त्याच वर्षी छपाई सुरू झाली, आणि त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पाद्री थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण, जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्यांचा ग्रंथ, देवनागरी खिळे नसल्यामुळे रोमन लिपीत १६१६ मध्ये छापला गेला आणि पुढे १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा छापला गेला. या तिन्ही आवृत्त्यांची प्रत सापडलेली नाही आणि आपण तो ग्रंथ वाचतो तो हस्तलिखितांच्या आधाराने. गार्सिया दा ऑर्ता या वैद्याचा भारतीय औषधींवरील संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्याच्या प्रती जगभरातील मोठ्या ग्रंथालयांत आहेत, आणि ऑर्ताचे नाव पणजीच्या चर्चजवळच्या बागेला आहे. बागेत बसणाऱ्या किती जणांना तो ग्रंथ याच भूमीत छापला गेल्याचे ठाऊक असेल, असा प्रश्न तिथून जाताना माझ्या मनात येतो. जो प्रदेश भारतात छपाईत सर्वांआधी, त्याच्या घराघरांतून छापील वस्तू सर्वांआधी नाहीशी झाली. हवा, वाळवी, स्थलांतर आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस स्थानिक भाषेवर आलेली बंदी ही सगळी कारणे आहेतच. पण आपल्या काळातील एक कारण म्हणजे काय राखायचे हे न कळणे.

ते कळणारा माणूस आमच्याच तालुक्यातला होता. फोंडा तालुक्यातील प्रियोळचे अनंत काकबा प्रियोळकर यांनी भारतातील मुद्रणाच्या आरंभाचा इतिहास लिहिला आणि तो मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाने १९५८ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्या ग्रंथातील जुन्या मुद्रितांच्या शीर्षकपृष्ठांकडे पाहण्याची दृष्टी आणि या त्रैमासिकाची दृष्टी एकाच जातीची आहे, आणि दोन्ही एकाच दशकातल्या. मराठी सूचीकारांनी मुद्रणाच्या बाल्यावस्थेतील पुस्तकांसाठी ‘दोलामुद्रिते’ असा फार सुंदर शब्द घडवला; दोला म्हणजे पाळणा. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची एकहाती उभी केली. ‘ललित’ मासिकाने १९६४ पासून ग्रंथप्रेमी वाचकाला नव्या पुस्तकांशी जोडून ठेवले. म्हणजे सूची आहे, इतिहास आहे, वाचकांचे मासिक आहे. नाही ती फक्त प्रतीची चर्चा. माझ्याकडच्या प्रतीत आणि तुमच्याकडच्या प्रतीत फरक का, हा प्रश्न विचारायला मराठीत नियमित जागा नाही. ‘कोणी न जमवलेले लेखक’ ही माला मराठीत सुरू झाली तर एकट्या गोव्यातूनच तिला वर्षानुवर्षे पुरेल इतका मजकूर मिळेल. ‘देशसुधारणेच्छु’ हे पोर्तुगीज-मराठी साप्ताहिक १८७० च्या दशकात निघाले. तेव्हापासून इथल्या लहान लहान छापखान्यांतून निघालेली नियतकालिके, नाटके, कीर्तनाख्याने, जातिसंस्थांची वृत्ते यांची एकेका प्रतीनुसार वर्णने व्हायला हवीत.

आता त्रैमासिकाच्या मर्यादा. त्याचे जग मुख्यतः इंग्लंडचे, त्यापलीकडे युरोप-अमेरिकेचे आहे. आपल्या मुद्रणाविषयी काही मिळेल या अपेक्षेने वर्गणी भरणाऱ्याची निराशा होईल. तिथून पद्धत घ्यायची आणि सामग्री आपली वापरायची, अशी तयारी हवी. भाषा अवघड आहे. लॅटिन आणि फ्रेंच अवतरणे अनुवादाशिवाय येतात, आणि फर्म्यांची मांडणी दाखवणारी सूत्रे पहिल्यांदा पाहताना बीजगणितासारखी वाटतात. मला ती उलगडायला एक पावसाळा लागला. वर्गणी पौंडांत असते आणि परदेशी टपालखर्चासह ती निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला जड आहे. मात्र वर्गणीदाराला १९५२ पासूनच्या जुन्या अंकांचा डिजिटल संग्रह खुला होतो, आणि माझ्या मते खरी किंमत त्याचीच आहे. नवे अंक चांगले आहेत, छपाई आणि कागद उत्तम आहे, लिहिण्याची धाटणी पूर्वीपेक्षा मोकळी झाली आहे; तरीही कोणी विचारले तर मी हेवर्ड यांच्या काळातील अंकांपासून आरंभ करायला सांगेन. निक्सन यांच्या बांधणीच्या टिपा आधी, मग न जमवलेल्या लेखकांची माला, आणि सूत्रे सगळ्यात शेवटी. जो केवळ वाचनासाठी पुस्तके घेतो त्याने हा खर्च करू नये. ज्याच्या घरी आजोबांच्या पोथ्या, जुनी मासिके, गावच्या छापखान्यातील पुस्तिका आहेत आणि त्यांचे पुढे काय करावे हे ज्याला कळत नाही, त्याने एक वर्ष तरी ती भरावी. दोघातिघांनी मिळून भरली तरी चालेल. पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयाने, जे १८३२ पासूनचा वारसा सांगते, हे त्रैमासिक संदर्भविभागात ठेवावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

छापील अंक घेणाऱ्यांसाठी गोव्यापुरती एक सूचना. हा कागद आपल्या जून ते सप्टेंबरच्या हवेसाठी केलेला नाही. मी पहिल्या वर्षी अंक प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवले आणि ऑगस्टमध्ये उघडून पाहिले तो आत ओल धरून पाठीवर पांढरी बुरशी आलेली. आता ते भिंतीपासून चार बोटे दूर ठेवलेल्या कपाटात, सुती कापडात, वेखंडाच्या तुकड्यांसह उभे असतात, आणि पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा कपाट तासभर उघडे ठेवतो. पोथ्यांसाठी आजी जे करीत असे तेच.

पोथीचे ते सत्तेचाळिसावे पान मी होते तिथेच ठेवले आहे. त्रैमासिकाच्या रीतीने तिचे वर्णन एका जाड कागदावर लिहिले : छापखाना, शक, पानांची संख्या, आकार, कागदातील रेषा, हुंडीची अक्षरे, आणि शेवटी ‘पान ४७ दुसऱ्या छपाईतील, घरातच बसवलेले’. लाल कापडाच्या घडीत ती चिठ्ठी पहिल्या पानाआधी घातली आहे. माझ्याकडच्या संचात बरेच अंक नाहीत, १९५९ चे दोन आणि १९६६ चा एक त्यांपैकीच. कोणाच्या जुन्या घरात सुतळीने बांधलेले असे खोके निघाले, तर ते रद्दीत देण्याआधी एकदा उघडून पाहावे.